‘कुठले गायकवाड?’ घर नाकारलं, कारण कुणी सांगत नाही. काय करता येईल?

उदगीरची_लेक

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहितेय, थोडं लांबेल.

मी पुण्यात एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सहा वर्षं हॉस्टेलवर काढली. जूनमध्ये धाकटा भाऊ एमपीएससीच्या तयारीला येतोय, म्हणून कर्वेनगर भागात वन बीएचके शोधत होते. एजंटने दाखवलेलं चौथं घर मला फार आवडलं. दुसरा मजला, मागे चिंचेचं झाड, ओट्यावर सकाळचं ऊन. भाडं १७ हजार, डिपॉझिट ६० हजार. मालक त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. काकूंनी चहा टाकला. मी लॅबमध्ये आहे कळल्यावर त्यांनी स्वतःचे शुगरचे रिपोर्ट आणून दाखवले, मी तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा म्हणजे काय ते समजावून सांगितलं. मग काकांनी पूर्ण नाव विचारलं.

‘गायकवाड’ म्हटल्यावर ते खूश झाले. “कुठले गायकवाड? बडोद्याचे का?”

“नाही काका, उदगीरकडचे.”

“तसं नव्हे, म्हणजे...” एवढं बोलून ते थांबले. एजंट मोबाइलमध्ये बघायला लागला. मला कळलं त्यांना काय विचारायचंय. मी म्हणाले, “आम्ही बौद्ध आहोत.”

कुणीच काही बोललं नाही. काकू म्हणाल्या, “अगं चहा घे, गार होतोय.” निघताना मी एजंटला ५ हजार टोकन दिलं, काकांच्या समोरच. ते “बरं” म्हणाले.

तिसऱ्या दिवशी ५ हजार खात्यात परत आले. निरोप नाही, काही नाही. फोन केला तर एजंट म्हणाला, “मॅडम, त्यांच्या नात्यातलं कुणीतरी राहायला येतंय, अचानक ठरलं.” मी विश्वास ठेवला. खरंच ठेवला. पण बारा दिवसांनी त्याच घराची जाहिरात, तेच फोटो, तीच चिंच मोबाइलवर दिसली. माझ्या शेजारच्या टेबलवर काम करणारी मैत्रीण जोशी आहे. ती म्हणाली, थांब, मी लावते. तिने स्पीकरवर फोन लावला. “हो, रिकामंय ना, कधी येता बघायला?” आधी नाव विचारलं होतं, बाकी काहीच विचारलं नाही.

तेव्हापासून माझं कामात लक्ष नाही. शिवी दिली असती तर निदान सांगता आलं असतं, की बघा, मला असं म्हणाले. इथे सगळे गोड बोलले. भाऊ म्हणतो, “ताई, पुढच्या वेळी नुसतं गायकवाड सांग आणि गप्प बस. ते काय समजायचं ते समजू देत.” आई रोज फोनवर विचारते, घर मिळालं का. मी “बघतेय” म्हणते.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. याविरुद्ध खरंच काही करता येतं का? आणि भाऊ म्हणतो तसं गप्प राहून घर मिळवलेल्यांनी प्रामाणिकपणे सांगा, ते कसं जातं?

तिसरा_मजला

पोरी, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकतो, कारण मी ते केलंय.

मी बँकेतून निवृत्त झालो. १९८८ मध्ये बदली होऊन सोलापूरला गेलो. आडनाव असं, की मराठ्यांतही आहे आणि आपल्यातही. मालकाने स्वतःच काहीतरी समजून घेतलं आणि मी ते दुरुस्त केलं नाही. बायको सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. घर चांगलं होतं, नळाला दोन वेळ पाणी.

पहिल्याच आठवड्यात बाबासाहेबांचा फोटो कुठे लावायचा हा प्रश्न आला. मालकीणबाई ताक द्यायला, गप्पा मारायला केव्हाही यायच्या. बायकोने फोटो कपाटात, साड्यांच्या घडीमागे ठेवला. रात्री दार लावल्यावर ती कपाट उघडायची, हात जोडायची, पुन्हा बंद करायची. मी ते बघायचो आणि काही बोलायचो नाही. मुलीला आम्ही शिकवलं, खालच्या आजींनी विचारलं तर सांगायचं, मला माहीत नाही. ती हुशार होती. एकदा तिने विचारलं, “पप्पा, आपण काही वाईट केलंय का?”

सात महिन्यांनी, १४ एप्रिलला, मी मिरवणुकीत दिसलो. शेजाऱ्याने मालकाला सांगितलं. मालक भांडले नाहीत. “आधी सांगायला हवं होतं, आमचा विश्वासघात झाला,” म्हणाले. महिनाअखेर घर सोडलं. मुलीचं ते वाक्य मात्र आमच्याबरोबर आलं, आजही आहे.

बाबासाहेबांनाही हे चुकलं नाही. १९१७ मध्ये कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून ते बडोद्याला नोकरीला आले, तेही सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीचा शब्द पाळायला. हिंदू खानावळीत जागा मिळणार नव्हती. पारशांच्या धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात उभे राहिले. राजाच्या दरबारात नोकरी होती आणि राहायला खोली नव्हती. मुंबईची गाडी सुटेपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले. तुझ्या त्या काकांनी ‘बडोद्याचे का’ म्हणून विचारलं हे वाचलं आणि मला हेच आठवलं.

सोलापूरनंतर माझ्या पाच बदल्या झाल्या. दर वेळी एजंटशी बोलताना पहिल्याच वाक्यात सांगायचो, आम्ही बौद्ध, मटण-मासे खातो, हॉलमध्ये बाबासाहेबांचा फोटो लावणार. दहांपैकी सहा-सात जण तिथेच फोन ठेवायचे. उरलेल्यांच्या घरात आम्ही दार उघडं ठेवून राहिलो. सगळ्यांनी असंच करावं असं मी म्हणणार नाही. ज्याला आठ दिवसांत छप्पर हवंय त्याने गप्प राहून घर घेतलं तर त्याला दोष कसा देणार? पण लहान मूल बरोबर असेल तर नको. तुझ्या भावाला एवढं सांग.

शिवाजीनगर_कोर्ट

मी वकील आहे, पंधरा वर्षं झाली. ताई, खोटी आशा दाखवत नाही, पण हातात काहीच नाही असंही नाही.

आधी अडचण सांगतो. ॲट्रॉसिटीच्या कायद्यातली, म्हणजे १९८९ च्या, सगळ्यांना माहीत असलेली कलमं जातीवरून अपमान किंवा शिवीगाळीची आहेत आणि ते ‘लोकांच्या नजरेसमोर’ घडावं लागतं. चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणी नसताना झालेलं त्यात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलंय. तुमच्या बाबतीत तर कुणी अपमानाचा शब्दच उच्चारला नाही. पण २०१५ च्या दुरुस्तीने याच कायद्यात आर्थिक बहिष्काराची व्याख्या आली. नेहमीच्या व्यवहारात इतरांशी ज्या अटींवर व्यवहार होतो त्या अटींवर तो करायला नकार देणं, हे त्या व्याख्येत येतं. एका घरमालकाच्या एका नकाराला ती लावणं सोपं नाही, पण युक्तिवाद करता येतो.

मला जास्त उपयोगी वाटतो तो जुना कायदा, १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा. आमच्यातलेही अनेक जण तो विसरलेत. त्याच्या कलम ४ मध्ये, अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला राहती जागा घेण्यात किंवा तिथे राहण्यात आडकाठी करणं हा गुन्हा आहे. आणि कलम १२ वाचाच. तक्रारदार अनुसूचित जातीचा असेल, तर कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झालं असं कोर्टाने गृहीत धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. शिक्षा किरकोळ आहे, एक ते सहा महिने आणि पाचशे रुपयांपर्यंत दंड. पण ‘कारण सांगितलंच नाही’ या तुमच्या अडचणीला कायद्याने सत्तर वर्षांपूर्वी दिलेलं उत्तर ते आहे. बौद्ध असल्याने हे लागू नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. १९९० च्या दुरुस्तीनंतर तुम्ही अनुसूचित जातीतच मोडता. जातीचा दाखला फाइलला लावा.

आता पुरावा. टोकन दिल्याची आणि परत आल्याची बँकेची नोंद, जाहिरातीचे तारखेसह स्क्रीनशॉट आणि मैत्रिणीचा फोन, एवढं तुमच्याकडे आहे. या तिसऱ्या गोष्टीचं मोल मोठं आहे. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात भाड्याच्या घरांचा अभ्यास केला तो याच रीतीने, वेगवेगळ्या आडनावांनी त्याच घराला विचारून. मैत्रिणीने आजच्या आज स्वतःच्या हाताने लिहून सही करावी, किती वाजता, कुठल्या नंबरवरून, काय बोलणं झालं. रेकॉर्डिंग असेल तर मूळ फोनमधून पुसू नका. कोर्टात ते नव्या साक्ष कायद्याच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रासकट द्यावं लागतं.

आणि मालकाला लेखी विचारा. साध्या भाषेत, चिडून नको. उत्तर आलं तरी उपयोग, नाही आलं तरी उपयोग.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना आणि अनुसूचित जातीच्या व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते. १४५६६ ही अत्याचारविरोधी हेल्पलाइन आहे, तिथे नोंद होते.

पन्हाळ्याचा_वारा

आमच्याकडे ‘कुठले’ असं विचारायची वेळच येत नाही. नाव सांगितलं की फोन कट. मी कोल्हापूरचा, घरात मराठीच बोलतो, आणि कोथरूडला घर बघताना एकाने मला विचारलं, “तुम्हाला मराठी छान येतं, कुठे शिकलात?” शेवटी मित्राच्या ओळखीने मिळालं. ताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत.

सचिव_बी_विंग

मी आडनावाने त्या बाजूचा आहे जिथे फोनवर “कधी येता बघायला” असं उत्तर मिळतं. सोसायटीचा सचिव आहे, म्हणून लिहितोय.

आमच्या ६४ फ्लॅटपैकी वीसेक भाड्याने असतात. एजंट मला फोन करून विचारायचे, “साहेब, तुमच्याकडे कसे लोक चालतात?” मी म्हणायचो, “फॅमिली, चांगल्या घरातले.” अनेक वर्षं मी हेच वाक्य बोललो. ‘चांगल्या घरातले’ याचा अर्थ एजंट काय लावतो हे मला पूर्ण माहीत होतं. ते मी कधी स्वतःशी बोलून बघितलं नव्हतं, एवढंच.

दोन वर्षांपूर्वी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला मीच माझ्या इमारतीत घर बघायला बोलावलं आणि त्याला तुमच्यासारखंच ‘नात्यातलं कुणीतरी’ सांगितलं गेलं. तो मला काही बोलला नाही. डबा मात्र माझ्याबरोबर खाईनासा झाला. मी मालकाकडे जाऊन विचारलं तर ते म्हणाले, “मला काही नाही हो, सोसायटी काय म्हणेल.” सोसायटी म्हणजे मीच होतो.

पुढच्या वार्षिक सभेत मी ठराव मांडला, की भाडेकरूची जात, धर्म, खाणंपिणं कमिटी विचारणार नाही आणि एजंटला तसं लेखी कळवेल. दोन तास वाद झाला. एक गृहस्थ २००५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल घेऊन आले होते, पारशी सोसायटीचा, की सभासदत्व समाजापुरतं ठेवता येतं. मी म्हणालो, आपल्या उपविधीत तसं काही लिहिलेलंच नाही, मग तुम्ही तोंडी नियम कशाला चालवता? शिवाय आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, आधी कळवावं लागतं, कराराची प्रत द्यावी लागते. ‘सोसायटी एनओसी देणार नाही’ असं एजंट सांगतो तेव्हा ताई, त्याला हे विचारा. ठराव ११ मतांनी मंजूर झाला आणि इतिवृत्तात लिहिला गेला. शेजारच्या जोडप्याने माझ्याशी बोलणं सोडलं.

माझ्यासारख्यांना सांगायचंय की त्या जोशीबाईंनी केला तसा फोन आपण करायला हवा. आपल्याला त्यात काहीच गमवावं लागत नाही. आणि नुसता फोन करून थांबू नये, “त्या मुलीला नाही का म्हणालात?” हेही आपणच विचारायला हवं. सगळं त्यांनीच सिद्ध करत बसायचं का?

उदगीरची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. तिसरा मजला काका, तुमचं उत्तर भावाला वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, “मी आलो की हॉलमध्येच लावू.”

वकील दादा म्हणाले तसा काकांना व्हॉट्सअॅपवर निरोप पाठवला. ‘अमुक तारखेला टोकन दिलं, अमुक तारखेला परत आलं, घर अजून रिकामं आहे. मी बौद्ध आहे हे कळल्यावर नकार दिलात का, कृपया कळवा.’ दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंचा फोन आला. म्हणाल्या, “अगं, मला तू आवडली होतीस. ह्यांच्या मोठ्या भावाला चालणार नाही, ते दर महिन्याला येतात, जेवायला बसतात.” मग म्हणाल्या, “हे कुणाला सांगू नकोस.” मी म्हणाले, “काकू, मी सांगणार आहे.” फोन ठेवल्यावर लगेच तारीख-वेळ घालून लिहून काढलं. हात थरथरत होते. त्यांचा रिपोर्ट समजावला होता ते सारखं आठवत होतं.

मैत्रिणीनेही सही करून दिलंय. तिला वाटतं तिनेही काकांना फोन करून विचारावं. मी म्हटलं, विचार.

काल आईला सगळं सांगितलं. तिने आधी विचारलं, “पैसे पूर्ण परत दिले ना?” मग म्हणाली, “जा तू. दाखल्याची झेरॉक्स बाबांच्या ट्रंकेत आहे, फोटो काढून पाठवते.”

सोमवारी अकराला शिवाजीनगरला विधी सेवा प्राधिकरणात जातेय. अर्धा दिवस रजा टाकलीय. त्या बाजूला कुणी असेल आणि सोबत येणार असेल तर इथे लिहा.