मदत हवी आहे: विंडो ताणली की कंट्रोल थरथरतात आणि जागा सोडतात (सी शार्प, विनफॉर्म्स)

यार्डातला

मंडळी, नमस्कार.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानासाठी मी काही वर्षांपूर्वी प्रोग्रॅम लिहून दिला होता. पोती, वजन, दर टाकायचे. हमाली-तोलाई वजा होऊन शेतकऱ्याची पट्टी छापून येते. काम एवढंच. सी शार्प, विनफॉर्म्स (विंडोजच्या खिडक्या बनवायचं साधन), आता डॉट नेट फ्रेमवर्क ४.८ वर आहे. तेव्हा दुकानातला मॉनिटर १०२४ बाय ७६८ चा होता. फॉर्म (प्रोग्रॅमची विंडो) त्याच मापाचा केला, कडा पक्क्या केल्या, मॅक्सिमाइझचं बटण बंद केलं आणि विषय मिटवला.

आता तिथे १९२० बाय १०८० चा मॉनिटर आलाय. मालकांच्या मुलाला अर्ध्या पडद्यावर पट्टी आणि उरलेल्या अर्ध्यावर व्हॉट्सॲप हवंय, कारण दर तिकडे येतात. मागणी रास्त आहे. म्हणून कडा मोकळ्या केल्या आणि फॉर्मच्या रिसाइझ घटनेत (माप बदललं की चालतो त्या भागात) कोड लिहिला. कोड डकवला तर मांडणी विस्कटते, म्हणून शब्दांत सांगतो: फॉर्मवरच्या सगळ्या कंट्रोलवरून (बटणं, लेबलं, याद्या) लूप फिरवायचा, प्रत्येकाचे आत्ताचे लेफ्ट, टॉप, विड्थ, हाइट घ्यायचे, त्यांना फॉर्मच्या नव्या मापाने गुणून मागच्या मापाने भागायचं आणि परत लावायचं. शेवटी नवं माप 'मागचं माप' म्हणून साठवायचं. सगळे आकडे इंट, म्हणजे अपूर्णांक नाही.

आता तीन दुखणी आहेत.

पहिलं, कड धरून ओढली की सगळा फॉर्म थरथरतो. उजवीकडचे रकाने मागून, बैलगाडीच्या चालीने येतात, आणि लेबलांच्या मागे पांढरे फराटे राहतात.

दुसरं, मिनिमाइझ करून परत उघडलं की फॉर्म कोरा! फक्त खालची स्टेटस पट्टी तेवढी शाबूत असते.

तिसरं सगळ्यात विचित्र. दिवसभर लहान-मोठं करत राहिलं की संध्याकाळपर्यंत बटणं बारीक झालेली असतात. खोटं वाटेल, पण मालकांनी स्वतः मला विचारलं, "सकाळी 'छापा' पूर्ण दिसत होतं, आता 'छा' च का दिसतंय?"

सस्पेंड-लेआउट आणि रिझ्यूम-लेआउट (मांडणी थांबवणं आणि पुन्हा चालू करणं) लावून पाहिलं, फरक शून्य. फॉर्मला डबल-बफर्ड (आधी पडद्याआड रंगवून मग दाखवणं) ट्रू केलं, त्याने मागचा भाग जरा शांत झाला, बाकी जैसे थे. फॉर्मवर एकूण ६४ कंट्रोल आहेत. आता काय करू?

कोपऱ्यावरचा

अँकर लावा (कंट्रोल फॉर्मच्या कडांना बांधा) आणि मोकळे व्हा. त्यासाठीच दिलंय ते.

यार्डातला

लावलं होतं, दादा. डावीकडे शेतकऱ्यांची यादी आहे, उजवीकडे पोत्यांची ग्रिड (तक्ता). दोघांनाही डावा-उजवा अँकर दिला तर यादी ग्रिडच्या खाली घुसते.

कोपऱ्यावरचा

घुसणारच. फॉर्म २०० पिक्सेलने वाढला तर डावा-उजवा अँकर असलेलं प्रत्येक कंट्रोल पूर्ण २०० ने वाढतं, वाटून घेत नाही. अँकरला शेजारी कोण आहे ते कळत नाही, फक्त आपल्या कडेपासूनचं अंतर कळतं. दोघांत वाटणी हवी असेल तर टेबल-लेआउट-पॅनेल घ्या आणि रकान्यांना टक्के द्या. २००५ पासून, डॉट नेट २.० पासून आहे ते.

जुनं_खोड

धागाकर्ते, तुमची दुखणी तीन नाहीत, दोनच आहेत. दुसरं आणि तिसरं एकाच मुळाची फांदी.

तुम्ही नवं माप *मागच्या* मापावरून काढताय, तिथेच घात होतो. हिशोब करून पाहा. बटण ७५ पिक्सेल, फॉर्म १०००. फॉर्म ९९३ केला: ७५ गुणिले ९९३ भागिले १००० म्हणजे ७४.४७५. इंट असल्यामुळे उरलं ७४. फॉर्म पुन्हा १००० केला: ७४ गुणिले १००० भागिले ९९३ म्हणजे ७४.५२. पुन्हा ७४. एका फेरीत एक पिक्सेल गेला, तो परत येत नाही. पुढच्या फेरीत ७३. आणि कड ओढताना रिसाइझ घटना एकदा येत नाही, माउस हलेल तशी येत राहते. संध्याकाळपर्यंत 'छा' उरला हेच आश्चर्य!

मिनिमाइझचंही तसंच. मिनिमाइझ झाल्यावरही रिसाइझ घटना येते आणि तेव्हा क्लायंट-साइझ (फॉर्मच्या आतली जागा) शून्य बाय शून्य असतो. तुम्ही इमानदारीने सगळ्यांना शून्याने गुणलंत. परत उघडताना शून्याने भागायची वेळ आली, तेव्हा प्रोग्रॅम कोसळायला हवा होता. तो कोसळला नाही, याचा अर्थ तुम्ही कुठेतरी 'मागचं माप शून्य असेल तर एक धर' असं लिहून ठेवलंय. बरोबर?

व्हीबी ६ (जुनं व्हिज्युअल बेसिक) मध्ये आम्ही हेच केलं होतं, फक्त तिथे माप ट्विपमध्ये असायचं, इंचाला १४४०. वरच्या पट्टीची उंची वजा करून टेक्स्टबॉक्सची उंची काढायची, फॉर्म फार लहान केला की ती ऋण व्हायची आणि रनटाइम एरर ३८० येऊन प्रोग्रॅम बंद. म्हणून फॉर्म-रिसाइझची पहिली ओळ कायम तीच: मिनिमाइझ असेल तर बाहेर पड. ती ओळ तुम्हीही लिहा.

आणि आकडेमोड हातानेच करायची असेल तर प्रत्येक कंट्रोलचं *मूळ* माप लोड घटनेत (फॉर्म पहिल्यांदा दिसण्याआधी) एकदाच नोंदवून ठेवा. दर वेळी नवं माप त्या मुळावरून काढा. मग हजार वेळा ओढा, घसारा लागणार नाही. नोंद कन्स्ट्रक्टरमध्ये (फॉर्म घडवणाऱ्या कोडमध्ये) नको, कारण स्केलिंग १२५ टक्के असलेल्या मशिनवर फॉर्म आधी आपोआप मोठा होतो, त्यानंतरची मापं खरी.

यार्डातला

काका, 'एक धर' ची ओळ खरंच आहे! ती मीच 'सेफ्टीसाठी' टाकली होती. 😅

हँडलबार

पहिल्या दुखण्याबद्दल. विनफॉर्म्समधलं जवळजवळ प्रत्येक कंट्रोल विंडोजच्या लेखी स्वतंत्र विंडो असतं. लेबलसुद्धा. तुम्ही लेफ्ट लावलं, एक हालचाल. टॉप, दुसरी. विड्थ, तिसरी. हाइट, चौथी. ६४ कंट्रोल गुणिले ४ म्हणजे माउसच्या प्रत्येक ठेक्याला २५६ हालचाली, आणि प्रत्येकीनंतर मोकळी झालेली जागा पुन्हा रंगवणं आलं. तुमची बैलगाडी ती हीच.

सस्पेंड-लेआउटने फरक पडणार नाही. ते फक्त अँकर-डॉकवालं यंत्र (डॉक म्हणजे कंट्रोल एका कडेला चिकटवणं) थांबवतं, तुम्ही स्वतःच्या हाताने लावलेलं लेफ्ट त्याला न विचारता लगेच लागू होतं. डबल-बफर्डचंही असंच: ज्या विंडोला लावलं तिच्यापुरतंच, पोरांना (आतल्या कंट्रोलना) लागू नाही.

चारऐवजी एकदाच सेट-बाउंड्स (चारही मापं एकदम लावणारं) वापरा, २५६ चे ६४ होतील. याहून पुढे जायचं तर विन३२ (विंडोजची मूळ फंक्शनं) मधलं बिगिन-डिफर-विंडो-पॉस. सगळ्यांच्या नव्या जागा आधी एका यादीत टिपायच्या आणि एंड-डिफर-विंडो-पॉस म्हटलं की सगळे एका दमात हलतात. दोन गोष्टींत लोक हमखास फसतात. यादीतल्या सगळ्या विंडोंचा पालक एकच हवा, पॅनेलच्या आतल्यांची यादी वेगळी करावी लागते. आणि डिफर-विंडो-पॉस दर वेळी त्या यादीचं हँडल (ओळख-आकडा) परत देतं, तेच पुढच्या वेळी वापरायचं. ते जुनंच असेल असं धरून चालू नका.

मी_पण_अडकलोय

वाखुसा (वाचनखूण साठवली). आमच्या ऑफिसात यावर एकच औषध चालतं: क्रिएट-पॅराम्स (विंडो बनतानाच्या सेटिंग) ओव्हरराइड करून एक्स-स्टाइलमध्ये ०x०२००००००, म्हणजे कंपोझिटेड. एका ओळीत लुकलुक बंद.

यार्डातला

आज दुपारी दुकान रिकामं असताना बसलो होतो. मूळ मापावरून हिशोब आणि मिनिमाइझची ओळ: दुसरं आणि तिसरं दुखणं पूर्ण बरं. जुनं_खोड काकांना साष्टांग.

सेट-बाउंड्सने थरथर निम्म्यावर आली. मग कंपोझिटेड लावलं. लुकलुक थांबली खरी, पण आता ग्रिड वर-खाली सरकवताना चिकटल्यासारखी चालते. ३०० पोत्यांची नोंद असली की मुनीमजी चाक फिरवून वाट बघत बसतात.

हँडलबार

कंपोझिटेडची किंमत तीच. आता फॉर्मवर काहीही हललं की आतली सगळी पिलावळ खालून वर, एकत्र रंगवली जाते. लहान फॉर्मवर ठीक, ग्रिड असलेल्या फॉर्मवर नको. काढा ते. फक्त ग्रिडला डबल-बफर्ड करा. ती प्रॉपर्टी बाहेरून लावता येत नाही, ग्रिडचा वारस क्लास करून त्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये लावा.

पण ६४ कंट्रोल म्हणजे काही फार नाहीत. एवढ्यावर बैलगाडी व्हायला नको. लेबलांचा बॅककलर ट्रान्सपरंट आहे का? आणि फॉर्मला मागे चित्र लावलंय का?

यार्डातला

लेबलं ट्रान्सपरंट आहेत, हो. मागे गणपतीचा फोटो आहे. मालकांनी मोबाईलवर काढलेला. स्ट्रेच केलाय.

कोपऱ्यावरचा

हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायचं ना राव!

हँडलबार

सापडला. विनफॉर्म्समधलं ट्रान्सपरंट हे खरं पारदर्शक नसतं. लेबल आपल्या पालकाला म्हणतं, 'माझ्या मागे जे दिसायला हवं ते तू मला रंगवून दे.' म्हणजे फॉर्म आपलं चित्र स्वतःसाठी एकदा काढतो आणि मग प्रत्येक लेबलासाठी पुन्हा काढतो. वर स्ट्रेच असल्यामुळे दर वेळी मोबाईलचा तो अगडबंब फोटो नव्याने लहान करणं आलं. कड ओढताना हे सारखं चालू. तुमचा प्रोसेसर पट्टी करत नाहीये, फोटो धूत बसलाय.

दोन वाटा. फोटो छोट्या पिक्चरबॉक्समध्ये कोपऱ्यात बसवा आणि लेबलांना साधा रंग द्या. किंवा फोटो मागेच ठेवायचा असेल तर ओढणं संपल्यावर, रिसाइझ-एंड घटनेत, फॉर्मच्या मापाची एक लहान प्रत करून तीच लावा, लेआउट स्ट्रेचऐवजी नन (न ताणता) ठेवा.

यार्डातला

गणपतीला कोपऱ्यात बसवायचं म्हणजे मालकांना विचारावं लागेल. त्यामुळे आधी दुसरी वाट धरली. ओढताना आता लोण्यासारखं चालतं! पण मॅक्सिमाइझचं बटण दाबलं की फोटो अर्ध्या फॉर्मवरच राहतो आणि बाकी भाग राखाडी. आणि नुसती विंडो सरकवली तरी नवी प्रत तयार होते.

हँडलबार

रिसाइझ-एंड हे नाव फसवं आहे. ते 'ओढाओढ संपली' एवढंच सांगतं, मग ओढून सरकवलं असो की ताणलं असो. मॅक्सिमाइझच्या बटणात ओढाओढ नाही, म्हणून ते येतच नाही. माप बदललंय का ते आधी तपासा, आणि विंडो-स्टेट बदलली तर रिसाइझमध्येही तेच फंक्शन बोलवा.

जुनं_खोड

सगळं ठीक, पण मुळात एक विचारतो. 'छापा' बटण का ताणायचं? पडदा दुप्पट झाला म्हणून बोट दुप्पट होत नाही, आणि अक्षरं तर तुम्ही मोठी करतच नाही आहात. मग ताणलेल्या बटणात नुसती हवा. मोठ्या पडद्याचा उपयोग एकच: जास्त पोती एकदम दिसावीत. म्हणजे वाढायला हवी ग्रिड आणि थोडी यादी. बाकी साठेक जणांनी आपापल्या जागी गप्प बसावं.

तुमची स्टेटस पट्टी पहिल्या दिवसापासून शाबूत होती, त्याचं कारण ती खाली डॉक केलेली आहे. तुमच्या लूपने तिलाही शून्य केलं असणार, पण लेआउटच्या यंत्राने तिला दर वेळी जागेवर आणलं.

फॉर्मवर एक टेबल-लेआउट-पॅनेल टाका. दोन रकाने, ३५ आणि ६५ टक्के. वरच्या ओळीत यादी आणि ग्रिड, दोन्ही डॉक फिल (आपापला कप्पा पूर्ण भरणारे). खालच्या ओळीला ठरावीक उंची, तिच्यात बेरजा आणि बटणं एका पॅनेलमध्ये, बटणांना उजवा-खालचा अँकर. टेबलात टेबल, त्यात आणखी टेबल असं मात्र करू नका, त्यानेही फॉर्म जड होतो. तुमचा लूप पुसून टाका.

यार्डातला

लूप पुसताना जिवावर आलं, दोन रात्री लिहिला होता. पण पुसला. रिसाइझ घटनेत आता फक्त फोटोचं काम उरलंय, तेही उद्यापर्यंतच: मालक म्हणाले, "कोपऱ्यात कशाला, वर मधोमध बसव." वरच्या पट्टीत १२० बाय १२० चा पिक्चरबॉक्स, अँकर फक्त वरचा, म्हणजे फॉर्म वाढला तरी आपोआप मध्येच राहतो. लेबलांना साधा पिवळा रंग दिला. हळदीचं दुकान आहे, शोभतोय.

एक शेवटची अडचण. विंडो डाव्या अर्ध्यावर चिकटवली तर ती अर्ध्याच्या थोडी पुढे जाते, व्हॉट्सॲपची डावी कड झाकली जाते. हेही रंगवण्याचंच काही आहे का?

कोपऱ्यावरचा

मिनिमम-साइझ किती ठेवलाय?

यार्डातला

१०२४ बाय ७६८, जुनंच माप. ...हां. १९२० चे निम्मे ९६०.

कोपऱ्यावरचा

६४ पिक्सेल जास्त. रुंदी ९४० करा आणि ग्रिडमधला 'शेरा' रकाना थोडा आवळा.

यार्डातला

केलं. बसली बरोबर. मालकांच्या मुलाने डावीकडे पट्टी, उजवीकडे व्हॉट्सॲप लावून फोटो पाठवलाय. त्या फोटोत 'छापा' पूर्ण दिसतंय.