चरस, वॅक्स, शॅटर, रोझिन: गांजाच्या अर्कांत नेमका फरक कोणता?

पोलीसपाटील, दारव्हा तालुका
नमस्कार. तुरीच्या ओळींत लपवून लावलेली गांजाची झाडे आम्ही ओळखतो. परंतु गावातील तरुण मुले आता मोबाईलवर पाहून वॅक्स, शॅटर, रोझिन अशी नावे घेऊ लागली आहेत. पुढच्या ग्रामसभेत व्यसनमुक्तीवर बोलताना मला त्यांच्यापुढे खरी माहिती मांडायची आहे. हे पदार्थ चरसापेक्षा वेगळे आहेत का, आणि कायदा त्यांच्याकडे कसा पाहतो?

औषधनिर्माणशास्त्राची अध्यापिका, वर्धा
पाटीलसाहेब, या सगळ्यांचे मूळ एकच आहे. मादी झाडाचा फुलोरा भिंगाखाली धरला, तर बारीक देठावर मणी बसवावा तशा असंख्य ग्रंथी दिसतात. बोटांना चिकटणारी राळ त्यांतलीच असते आणि नशा आणणारे टीएचसी मुख्यतः त्या राळेत असते. ही राळ वेगळी काढली की अर्क झाला. हिमाचलात हातांवर चोळून काढतात तो चरस, चाळून मिळते ती कीफ, बर्फाच्या पाण्यातून निघते ती बबल हॅश, उष्णता आणि दाबाने पिळून निघते ते रोझिन. यांपैकी कशातही रासायनिक द्रावक वापरलेला नसतो.

शॅटर आणि वॅक्स बहुधा ब्युटेन वायूच्या साहाय्याने काढतात. एक काचेसारखा ठिसूळ, दुसरा मेणासारखा मऊ, म्हणजे फरक मुख्यतः पोताचा. परदेशांत विकल्या जाणाऱ्या फुलोऱ्यात टीएचसी साधारण 15 ते 25 टक्के असते, तर अशा अर्कांत ते 60 ते 90 टक्क्यांपर्यंत जाते. मुलांना हा आकडा अवश्य सांगा. ब्युटेन अत्यंत ज्वालाग्राही असल्याने अमेरिकेत घरगुती प्रयोगांत स्फोट होऊन माणसे गंभीर भाजली आहेत, हेही सांगावे.

वकील, यवतमाळ
कायद्यापुढे नवे नाव उपयोगी पडत नाही. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात झाडापासून वेगळी काढलेली राळ, मग ती कच्ची असो वा शुद्ध केलेली, तसेच हशीश तेल, हे सारे चरसाच्या व्याख्येत येते. गांजाचे व्यावसायिक प्रमाण 20 किलोच्या पुढे सुरू होते, चरसाचे मात्र 1 किलोच्या पुढेच. आणि त्या प्रमाणाला किमान 10 वर्षे सक्तमजुरी व किमान 1 लाख रुपये दंड आहे. अगदी अल्प प्रमाण जवळ सापडले, तरी 1 वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पाटीलसाहेब, बेकायदा लागवडीची माहिती पोलिसांना कळवणे हे कलम 47 नुसार सरपंचांसह गावपातळीवरील अधिकाऱ्यांचे कर्तव्य आहे, हेही ग्रामसभेत वाचून दाखवावे.

आशा गटप्रवर्तक, आर्णी
भाऊ, एक विनंती आहे. सभेत शिक्षेबरोबर उपचाराचीही माहिती द्या. तीव्र अर्कांमुळे घबराट, भास, वारंवार उलट्या असे त्रास होऊ शकतात आणि घरचे लोक भीतीपोटी मुलाला दवाखान्यात आणत नाहीत. व्यसनमुक्तीसाठी 14446 हा राष्ट्रीय क्रमांक निःशुल्क आहे. तो ग्रामपंचायतीच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.