घरात माया मिळाली नाही म्हणून पोरं खुनापर्यंत जातात का?

माजलगावकर_मास्तर:
जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर हाय. आमच्या वाडीतल्या १७ वर्षाच्या पोरानं मागच्या महिन्यात भांडणात कुऱ्हाड घातली, समोरचा जागीच गेला. हे पोरगं चौथीत माझ्याच वर्गात होतं. दसरा झाला की मायबाप ऊसतोडीला कारखान्यावर, हा म्हतारीजवळ, अन् बाप परत आला की पिऊन मारायचा. मी फळ्यावर लिहायला हात वर केला तरी हा दोन्ही हातांनी डोकं झाकायचा, वर्ग हसायचा, अन् खरं सांगतो मी पण हसलेलो हाय. तेव्हापासून झोप नाही. प्रेम नसल्यानंच असं होतं का मुळातला स्वभाव?

तिखट_लातूरकर:
सर, राग मानू नका पण आमच्या बापानं पण फोकानं झोडपलंय, आम्ही कुणाचा मुडदा पाडला? जो गेला त्याच्या मायला जाऊन सांगा की बाई ह्याला माया मिळाली नव्हती.

परभणीची_ताई:
लातूरकर भाऊ, तुमचं अर्धं बरोबर हाय. समुपदेशनाचं काम करते म्हणून लिहिते. जॉन बोल्बी म्हणून इंग्रज मानसोपचारतज्ज्ञ होते, त्यांनी १९४४ मधे लंडनच्या ४४ चोरट्या पोरांवर लिहिलं, त्यातली १४ अगदी कोरडी, कुणाबद्दल काही न वाटणारी, अन् त्या १४ पैकी १२ जण लहानपणी आईपासून लई दिवस तुटलेले. पण उलटंही हाय, हवाईतल्या कवाई बेटावर १९५५ ला जन्मलेली ६९८ लेकरं मोठी होईस्तोवर बघितली, तर घरात दारू, भांडणं, गरिबी असलेल्यांतलीसुद्धा जवळपास एक तृतीयांश नीट निघाली, अन् त्यातल्या बऱ्याच जणांना घरातलं नाहीतर बाहेरचं कुणीतरी एक माणूस धरून होतं. तुम्हाला फोक होता भाऊ, पण फोकानंतर जवळ घेणारं पण कुणी असंलच ना?

तिखट_लातूरकर:
आजी होती. बरं, पुढं बोला.

कोयत्याचं_पोरगं:
मी वडवणीकडचा, मायबाप वीस हंगाम फडावर. मी चुलतीजवळ. तिला वाचता येत नव्हतं तर ती रोज रात्री माझ्या वहीची भरलेली पानं मोजायची, कमी भरली की भाकरी वाढताना तोंड फुगवायची, म्हणून मी नुसत्या रेघोट्या मारून पानं भरायचो 😂 आमच्याच गल्लीतला माझ्या वयाचा एक आज आत हाय, त्याची पानं मोजायला कुणी नव्हतं एवढाच फरक. बाकी मजूर नेणारा मुकादम तोच, त्यानं आगाऊ दिलेली उचल तीच अन् दारू पण तीच.

परभणीची_ताई:
मास्तर, तो १६ च्या वरचा अन् गुन्हा खुनाचा, म्हणजे २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं, खटला मोठ्यांसारखा चालवायचा का हे ठरवायच्या आधी बाल न्याय मंडळ बघणार की त्याला परिणाम कळत होते का अन् कोणत्या परिस्थितीत झालं. परिविक्षा अधिकारी, म्हणजे प्रोबेशन ऑफिसर, घरचा अहवाल करतात. त्यांना भेटा अन् ते डोकं झाकायचं जसंच्या तसं सांगा.

माजलगावकर_मास्तर:
सांगतो. आपण हसलो ते पण सांगतो. म्हतारी एकटीच हाय, बापाला निरोप गेलाय पण उचल फिटल्याबगर मुकादम सोडीना म्हणतोय. बीडला कुणी वकील माहिताय का?