कथेतला ‘मी’ म्हणजे लेखकच, असं का धरून चालता?

गंगापूररोडकर :
परवा कट्ट्यावर एका मुलीने कथा वाचली. त्यातला पोरगा आईच्या औषधाचे पैसे उडवतो आणि ते सगळं ‘मी’ करून सांगतो. वाचून होतंय तोवर पहिला प्रश्न, ‘घरी सगळं ठीक आहे ना गं?’ कथेबद्दल कोणी एक शब्द बोललं नाही, मला याचा खरंच राग येतो. लिहिणारी वेगळी, सांगणारा वेगळा. निदान नाशकात तरी हे कळायला हवं, तात्यासाहेबांची, म्हणजे कुसुमाग्रजांची, ‘कणा’ ही कविता आपल्याला पाठ असते ना? त्यात बोलतो तो पुरात घर गेलेला विद्यार्थी, आणि तो आला, बसला, हसला हे जो सांगतो तो स्वतःला एकदाही ‘मी’ म्हणत नाही. तरी आपण सांगणारा म्हणजे सर आणि सर म्हणजे कुसुमाग्रज असं धरून मोकळे होतो, आणि कुसुमाग्रज हे तरी कुठे खरं नाव, माणूस वि. वा. शिरवाडकर!

सिडकोवाला :
नाही पटत दादा. आपल्या विहितगावचे बाबुराव बागूल घ्या, ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा, १९६३. जात लपवून भाड्याच्या खोलीत राहणारा तो ‘मी’. तिथे ‘हा निवेदक हो, लेखक नाही’ म्हटलं की वाचणाऱ्याला बरंच वाटतं, कोणावर बेतलंच नाही जणू. असली सुटका मला नको.

पंचवटीकर :
दोघांनी तिसरी गोष्ट सोडली, पर्सोना, म्हणजे लेखकाने लिहिण्यासाठी घेतलेला मुखवटा. राम गणेश गडकरी नाटकं स्वतःच्या नावावर, कविता गोविंदाग्रज म्हणून आणि विनोद बाळकराम म्हणून लिहायचे. बाळकराम हा एकाच लेखातला निवेदक नाही, तो मुखवटा लेखामागून लेख तोच राहतो आणि त्याचा स्वभाव गडकऱ्यांचा नाही.

गंगापूररोडकर :
@पंचवटीकर मान्य, एकदम बरोबर.
@सिडकोवाला बागुलांनी भोगलं नाही असं मी कुठे म्हणतोय? पण त्यांनी आत्मकथन नाही लिहिलं, कथा लिहिली, ठरवून. म्हणून तो ‘मी’ एकट्या बागुलांचा राहत नाही, जात लपवावी लागलेल्या कुणाचाही होतो. त्याला लेखकाचीच हकीकत करून टाकलं की उलट तुमचंच म्हणणं लहान होतं, ‘त्यांच्या बाबतीत घडलं बिचाऱ्यांच्या’ म्हणून लोक पान उलटतात.

सिडकोवाला :
हे मात्र खरंय, पान उलटणारे पाहिलेत मी. तरी माझं अर्धं म्हणणं शिल्लक आहे. दलित लेखकाचा ‘मी’ आला की तेवढ्यापुरता नेमका हा फरक आठवतो, आणि ‘कोसला’ कादंबरीतला पांडुरंग सांगवीकर म्हणजे नेमाडेच असं तेच लोक बिनधास्त म्हणतात. नियम लावायचा तर दोन्हीकडे लावा ना.