प्रौढ अवस्थेतून बोलायचं म्हणजे नुसतं शांत आवाजात बोलायचं का?

उंबरा:
ट्रान्झॅक्शनल अ‍ॅनालिसिसमधल्या (थोडक्यात टीए; माणसं मनाच्या कुठल्या अवस्थेतून एकमेकांशी बोलतात ते पाहणारी मानसशास्त्रातली पद्धत) तीन अवस्था आकृतीत कळतात: पालक (आई-वडिलांसारखं वागणं), प्रौढ (समोरची वस्तुस्थिती पाहून वागणं) आणि बालक (लहानपणीसारखं वागणं). समांतर व्यवहार (ज्या अवस्थेशी बोललं तिच्याकडूनच उत्तर येतं) आणि छेद जाणारे व्यवहार (भलत्याच अवस्थेतून उत्तर येतं) हेही कळतात. प्रत्यक्ष संवाद समोर आला की गाडी अडते. उदाहरणार्थ नवरा-बायकोतला हा संवाद:
— माझी छत्री कुठंय?
— सगळ्यांच्या वस्तू सांभाळायला बसलेय का मी इथं?
हे उत्तर पालकाचं की बालकाचं? आणि यावर ‘प्रौढातून बोला’ म्हणतात, म्हणजे शब्दशः काय बोलायचं?

पाटीपेन्सिल:
नुसत्या लिहिलेल्या वाक्यावरून अवस्था ठरत नाही, पहिली चूक तिथेच होते. आवाज चढलेला आणि बोट रोखलेलं असेल तर टीका करणारा पालक समोरच्याला बालक समजून झापतोय. आवाज रडवेला आणि नजर खाली असेल तर बालक आपला बचाव करतंय. टीएचे जनक एरिक बर्न यांनी अवस्था ओळखायला चार कसोट्या दिल्या: वागणं कसं दिसतं, समोरच्याच्या कुठल्या अवस्थेतून प्रतिसाद निघतो, लहानपणी असं कोण वागायचं किंवा आपण केव्हा असे वागायचो, आणि तो जुना क्षण आत्ता आतून पुन्हा जगल्यासारखा वाटतो का. बाहेरच्या माणसाला पहिल्या दोनच वापरता येतात. बाकीच्या दोन ज्याच्या त्याने तपासायच्या.

शब्दांवर विसंबलात तर फसाल. ‘किती वाजले?’ हा दिसायला शुद्ध प्रौढ प्रश्न. पण रात्री साडेअकराला दार उघडून, कमरेवर हात ठेवून विचारला तर तिथे घड्याळाचा काही संबंध नसतो.

हाच न्याय छत्रीला लावा. ‘माझी’वर जोर देऊन विचारलं असेल, तर वरवर प्रौढ-प्रौढ आणि आतून ‘तू माझ्या वस्तू हलवतेस’, म्हणजे पालक-बालक. असा दुहेरी व्यवहार असला की पुढे काय होणार हे आतल्या पातळीवर ठरतं, हा बर्न यांचा संवादाचा तिसरा नियम. मग बायकोच्या उत्तराने छेद गेलाच नाही, ती आतल्या निरोपालाच उत्तर देतेय. आकृती काढताना लोक हा आतला निरोप दाखवणारी तुटक रेघ विसरतात आणि सगळा दोष दुसऱ्या वाक्यावर टाकतात.

शेवगा:
काय बोलायचं ते सांगतो. ‘नाही गं, बाहेर पाऊस आहे म्हणून शोधतोय. पाहिलीस का कुठं?’ एवढंच. आता त्याच शांत आवाजात ‘आधी शांत हो, मग बोलू’ म्हणून पाहा. आवाज तोच, पण वाक्य पालकाचं, त्यामुळे भडका उडतो. ‘तू आत्ता बालक अवस्थेत गेलीयस’ हे तर त्याहून वाईट. टीए नुकतंच शिकलेली माणसं हा उद्योग फार करतात. नावं फक्त स्वतःच्या अवस्थेला द्यावीत.

आणखी एक. समोरचा रडत असेल तर थेट प्रौढावर उडी नको. ‘फार त्रास झालेला दिसतोय’ असं जपणाऱ्या पालकाचं एखादं वाक्य आधी, मग थोडं थांबून ‘आत्ता आधी काय करायचं?’ रडणाऱ्याला पहिल्याच फटक्यात ‘नेमकं किती वाजता झालं हे?’ विचारलं की तोही छेदच.

एरवी छेद वाईट नसतो. समांतर व्यवहार हवा तितका वेळ चालू शकतो, भांडणसुद्धा. ते थांबवायला कुणीतरी मुद्दाम छेद द्यावाच लागतो.

उंबरा:
आणि उलट बाजू? समोरचा स्वतःच सल्ला मागतो आणि प्रत्येक सल्ल्यावर ‘हो, पण…’ म्हणतो. तिथे सगळे प्रौढच दिसतात की!

पाटीपेन्सिल:
दिसतात तेवढेच. ‘तू असं का करत नाहीस? – हो, पण’ हा बर्न यांनी उलगडलेला अगदी सुरुवातीचा ‘खेळ’, म्हणजे आत छुपा हेतू असलेली आणि ठरलेल्या शेवटाकडे जाणारी देवाणघेवाण. सल्ले देणारे हळूहळू पालक होतात, मागणारा बालक. आणि सगळे गप्प झाले की ‘माझा प्रश्न कुणालाच सुटत नाही’ हे समाधान त्याच्या पदरात पडतं. स्टीफन कार्पमन यांच्या 1968च्या नाट्य-त्रिकोणात (पीडित, तारणहार, छळणारा या तीन भूमिका) पाहिलं तर सल्लागार ‘तारणहार’ म्हणून आत शिरतो आणि वैतागला की ‘छळणारा’ होऊन बाहेर पडतो.
तोड सोपी आहे. दुसऱ्या ‘हो, पण’ला सल्ले बंद. ‘तू आतापर्यंत काय काय करून पाहिलंस?’ विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसायचं. ती शांतता भरायला म्हणून तिसरा सल्ला निघतो आणि खेळ पुन्हा सुरू.

दुपारचा_चहा:
एक भर. ‘आजकालच्या पोरांना कामाची सवयच नाही’ हे माणूस आकडेवारी सांगितल्याच्या थाटात बोलतो. पालकाकडून आलेला पूर्वग्रह प्रौढात मिसळला की बोलणाऱ्याला ती वस्तुस्थितीच वाटते. याला दूषित होणं म्हणतात. कसोटी: ‘कुठली पोरं, कुठलं काम?’ विचारलं की प्रौढ माहिती देतो, पूर्वग्रह चिडतो.

आणि छत्री रोजच हरवत असेल तर स्ट्रोक, म्हणजे एकमेकांची घेतलेली दखल, मोजा. दिवसभरात दोघांचं दुसरं बोलणंच होत नसेल, तर हे भांडण हीच एकमेकांची घेतलेली दखल. काहीच दखल नसण्यापेक्षा माणूस बोलणी खाणं पत्करतो. तिथे वाक्यं सुधारून भागणार नाही. छत्री सापडलेली असताना दहा मिनिटं बोला.