तोलेदोचे एल त्रान्सितो : चर्च झाल्यावरही हिब्रू लेख कसे टिकले?

प्रश्न :
स्पेनमधील तोलेदो शहरातल्या एल त्रान्सितो या सिनेगॉगविषयी (यहुद्यांच्या प्रार्थनास्थळाविषयी) वाचताना एक कोडे सुटत नाही. कॅस्टिलचा राजा पहिला पेद्रो याचा खजिनदार श्मुएल हालेवी याने ते चौदाव्या शतकाच्या मध्यास बांधून घेतले. १४९२ मध्ये यहुद्यांना स्पेनमधून हद्दपार करण्यात आले आणि त्यानंतर दीर्घकाळ या वास्तूत चर्च होते. असे असूनही भिंतींवरील हिब्रू स्तोत्रे आजही जागच्या जागी आहेत. ही सहिष्णुता म्हणायची की निव्वळ दुर्लक्ष?

प्रतिसाद १ :
मला वाटते, उत्तर हेतूंपेक्षा वास्तूच्या रचनेत शोधावे. एल त्रान्सितो म्हणजे मध्ये एकही खांब नसलेले, उंच आणि लांबट असे एकच दालन आहे. जेरुसलेमच्या दिशेची पूर्वेकडील भिंत सर्वांत अलंकृत असून तिच्यात तोरा या यहुदी धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवण्यासाठी तीन कमानींचा कोनाडा आहे. चर्चलाही वेदी शक्यतो पूर्वेलाच हवी असते. त्यामुळे १४९४ मध्ये कालात्रावा या लष्करी धर्मसंघाला ही वास्तू मिळाली, तेव्हा तिची दिशा किंवा मूळ आकार बदलण्याची गरजच पडली नाही. वेदी आली, संघाच्या सरदारांना जमिनीखाली पुरण्यात आले, लगतच्या जागेत संघाचे दप्तर ठेवण्यात आले. दक्षिणेकडील स्त्रियांच्या सज्जाचे मूळ प्रयोजन मात्र संपले.

लेखांचे म्हणाल, तर स्तोत्रांच्या पट्ट्या लाकडी छताखाली बऱ्याच उंचावर आहेत आणि गिलाव्यातील त्याच नक्षीत वेलबुट्टी, अरबी अक्षरे आणि कॅस्टिल व लिओनची राजचिन्हे गुंफलेली आहेत. केवळ हिब्रू तेवढे काढायचे म्हटले, तरी सगळी नक्षी खरवडावी लागली असती. शिवाय कोनाड्याशेजारच्या लेखांत खुद्द राजा पेद्रोची स्तुती आहे.

प्रतिसाद २ :
वरील विवेचनाला त्याच शहरातील सांता मारिया ला ब्लांका हे दुसरे जुने सिनेगॉग पुष्टी देते. तिथे अष्टकोनी खांबांच्या रांगांनी पाच भाग पाडलेले आहेत आणि खांबांवर नालाकृती कमानी आहेत. हे बांधकाम मुस्लिम कारागिरांच्या परंपरेतले असल्याने पाहणाऱ्याला प्रथम मशिदीचाच भास होतो. पंधराव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे हद्दपारीच्या कितीतरी आधी, त्याचे चर्च झाले. सोळाव्या शतकात पूर्वेच्या टोकाला नवी वेदीस्थाने जोडली गेली, पण पांढऱ्या कमानी तशाच राहिल्या. पुढे तिथे सैनिकांचा मुक्कामही होता.

प्रतिसाद ३ :
ही मांडणी पटते, पण नवा वापर वास्तूच्या आकाराशी जुळणारा नसेल तर काय होते, हे पोलंडमधील पोझनानमध्ये दिसते. १९०७ मध्ये तिथे भव्य घुमटाचे सिनेगॉग उभे राहिले. १९४० मध्ये शहराचा ताबा घेतलेल्या जर्मनांनी त्याचे पोहण्याच्या तलावात रूपांतर करायला घेतले. तलावासाठी प्रार्थनागृहाचे अंतरंग नाहीसे झाले, घुमटही गेला. युद्धानंतरही तो तलाव शहराच्या वापरात राहिला आणि २०११ पर्यंत चालू होता. भिंती उभ्या राहिल्या म्हणून वास्तू वाचली, असे म्हणायला माझे मन धजत नाही. तिथे अपमान हाच रूपांतराचा एक हेतू होता, त्यामुळे प्रतिसाद १ मधला मुद्दा तिथे अपुरा पडतो.

मूळ प्रश्नकर्ता :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक पूरक प्रश्न : एल त्रान्सितोमध्ये आता सेफार्दी (म्हणजे मूळच्या स्पेनमधील यहुद्यांचे) संग्रहालय आहे. मग चर्चच्या काळातील भर काढून टाकून मूळ रूप दाखवणे अधिक योग्य ठरले नसते का?

प्रतिसाद १ :
माझे मत याच्या विरुद्ध आहे. १८७७ मध्ये राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला तो हा सगळा इतिहास अंगावर वागवणाऱ्या वास्तूला. सरदारांच्या थडग्यांच्या शिळा काढल्या असत्या, तर १४९२ नंतर इथे काय घडले याचा दगडातील पुरावाच गेला असता. मग हिब्रू लेखांखालचे दालन रिकामे का झाले, हे पाहुण्याला केवळ माहितीफलकावर वाचावे लागले असते.