मदत हवी आहे: बाळाला पाजताना बाजू नेमकी केव्हा बदलावी?

कृष्णकमळ: बाळाला अंगावर पाजताना एका बाजूला किती मिनिटे ठेवावे, याचे सरळ उत्तर हवे आहे. सासूबाई दहा मिनिटे सांगतात, परिचारिकेने पंधरा सांगितली होती आणि माझी आई म्हणते की बाळ स्वतः सोडीपर्यंत काढूच नये. सध्या मी मोबाइलवर गजर लावून दहा मिनिटांनी बाजू बदलते. तेव्हा बाळ घर डोक्यावर घेते, आणि दुसऱ्या बाजूला चार घोट घेऊन झोपी जाते. धीर धरण्याचे सल्ले कृपया नकोत, आकडा सांगावा.

निरंजनी: बाळ किती दिवसांचे आहे, जन्माच्या वेळचे आणि आताचे वजन किती, दिवसभरात शू किती वेळा होते आणि शीचा रंग कसा आहे, यातले काहीच आपण लिहिलेले नाही. एवढे कळल्याशिवाय सांगितलेला कोणताही आकडा हवेतला ठरेल.

दोघांची_आई: आकडा आहे आणि तो दहाच आहे. माझ्या दोन्ही मुलांना मी घड्याळ समोर ठेवून पाजले आणि दोघेही धडधाकट आहेत. हल्ली प्रत्येक गोष्टीचे उगाच शास्त्र करून ठेवले आहे.

पान्हा: आपली मुले धडधाकट आहेत याचा आनंद आहे, पण प्रत्येक बाळाची ओढण्याची गती निराळी असते, एकाचे पोट सात मिनिटांत भरते, तर दुसऱ्याला अर्धा तास लागतो. शिवाय स्तन जसजसा रिकामा होत जातो तसतसे दुधातील स्निग्धांशाचे प्रमाण वाढत जाते, त्यामुळे बाळ मन लावून पीत असताना घड्याळाकडे पाहून त्याला काढले तर नेमके तेच दाट दूध त्याच्या वाट्याला कमी येते. पाहायचे ते गिळणे. सुरुवातीला भराभर ओढून झाले आणि पान्हा फुटला की एक-दोन ओढींमागे एक घोट ऐकू येतो. पुढे घोट विरळ होतात, ओठांची नुसती थरथर उरते, मुठी सैल पडतात, आणि बाळ बहुधा स्वतःच सोडते. त्याआधीच डुलकी लागत असेल तर स्तन हाताने हलका दाबून धरावा, म्हणजे घोट पुन्हा सुरू होतात; तरीही गिळणे दिसले नाही तर ढेकर काढून दुसरी बाजू द्यावी. बाळाने ती घेतली नाही तरी हरकत नाही.

नवा_बाबा: आम्ही विजेवर चालणारा पंप आणला आहे. दूध काढून बाटलीने पाजले की किती प्यायले ते मोजता येते आणि बाजूचा प्रश्नच उरत नाही.

निरंजनी: पंपाविषयी कोणी विचारलेले नाही. कृष्णकमळ, माहितीची वाट पाहत आहे.

कृष्णकमळ: बाळाचा तिसरा आठवडा चालू आहे. जन्मवजन २.९ किलो होते, परवा ३.१ भरले. शू दिवसाला सात-आठ वेळा होते. शी मात्र हिरवट आणि फेसाळ असते, आणि मला दूध इतके येते की सुरुवातीला बाळाला ठसका लागतो.

दोघांची_आई: हिरवी शी म्हणजे पोट बिघडले आहे. बाळगुटीचे दोन वेढे द्यावेत.

पान्हा: कृपया देऊ नयेत. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज गुटी, मध, पाणी यांतले काहीही नको. वजन आणि शू पाहता बाळाला दूध पुरते आहे. दूध भरपूर असताना गजर लावून बाजू बदलल्याने दोन्हीकडचे सुरुवातीचे पातळ दूधच जास्त पोटात जात असावे. त्यातील साखर आतड्यांतून लवकर पुढे सरकते आणि शी हिरवी व फेसाळ होऊ शकते. तरीही शीत रक्त दिसले, ताप आला, शू कमी झाली किंवा बाळ मलूल वाटले, तर येथे न लिहिता बालरोगतज्ज्ञांकडे जावे.

आळीव_खीर: मग तीन-चार तास एकच बाजू देत राहावी, दूध आपोआप आवरते. मला याचा फार गुण आला.

निरंजनी: तो उपाय दूध खरोखर कमी करतो, म्हणून पहिल्या काही आठवड्यांत तो मनाने करण्यासारखा नाही. या काळात दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजण्यावरच पुढचे दूध अवलंबून असते, आणि न पाजलेल्या बाजूला दूध साकळून गाठ होण्याची भीती असतेच. आधी फक्त गजर बंद करून पाहावे. ठसक्यासाठी थोडे मागे रेलून पाजावे.

कृष्णकमळ: ठीक आहे, गजर बंद करते. पण बाळाने दुसरी बाजू घेतलीच नाही, तर पुढच्या वेळी कोठून सुरू करायचे? मध्यरात्री ते आठवत नाही.

पान्हा: जी बाजू राहिली किंवा कमी प्यायली गेली, तिच्यापासून. हाताला जी जास्त जड लागते ती आधी द्यावी, आणि तेही कळत नसेल तर अंतर्वस्त्राच्या त्या बाजूच्या पट्ट्याला एक पिन लावून ठेवावी.

दोघांची_आई: पिन टोचते. हातातली बांगडी त्या बाजूला चढवावी.